एक जूनची माणसं

१

विमलाबाईंनी ते पत्र चहाच्या कपाखाली दाबून ठेवलं होतं. हात काढला तर ते उठून चालायला लागेल, अशा नजरेने त्या त्याच्याकडे बघत होत्या.

"शीला, हे वाच गं. मला जे कळलंय तेच त्यात लिहिलंय का, तेवढं सांग."

धम्मशीलाच्या मांडीवर सात महिन्यांची स्वराली होती, आणि स्वरालीच्या मुठीत आईचे केस. ते सोडवत धम्मशीलाने सासूबाईंचं पत्र एका हाताने उघडलं. लंडनच्या हाउन्सलोमधल्या त्या फ्लॅटवरून एक विमान खाली उतरत गेलं, खिडकी थरथरली, आणि आवाज ओसरेपर्यंत तिचं वाचून झालं होतं.

पत्र पेन्शन कंपनीचं होतं. तीन वर्षांपूर्वी आपण स्वतःहून योजनेतून बाहेर पडला होतात. कायद्याप्रमाणे आता आपल्याला पुन्हा सामील करून घेतलं आहे.

"तुम्ही बाहेर पडला होतात?"

"मी कशाला पडते? यमुनाने तिच्या फराळाच्या किचनमध्ये कामाला घेतलं तेव्हाच सांगितलं होतं, पगारातून थोडं कापणार, थोडं ती स्वतः घालणार, वर थोडं सरकार घालणार. मी म्हटलं काप बाई. बँकेत येतं ते कापूनच येतं असं धरून चालले होते मी. सहासष्ट झाली की सगळ्यांना जय भीम करायचा आणि आपल्या पैशाने राहायचं, सुनेपुढेसुद्धा हात पसरायचा नाही."

"माझ्यापुढे पसरलात तर मी स्वरालीला ठेवीन त्यात," धम्मशीला म्हणाली.

विमलाबाई एरवी हसल्या असत्या.

धम्मशीला बाळंतपणाच्या रजेवर होती. त्याआधी ती वॉटफर्डच्या एका कंपनीत दुसऱ्यांचे पगार काढायची, त्यामुळे हे सगळं तिला झोपेतही ठाऊक होतं. या देशात हाताखाली एक माणूस असला तरी मालकाला त्याला पेन्शनमध्ये घालावंच लागतं आणि आपला वाटा भरावा लागतो. नको असेल तर बाहेर पडायचं ते कामगाराने, स्वतःच्या मनाने. तीन वर्षांनी मालक त्याला पुन्हा आत घेतो. मालकानेच बाहेर पडायला लावलं, तर तो गुन्हा.

हा शेवटचा नियम विमलाबाईंनाही माहीत होता.

"मी बाहेर, तर तिचा वाटा वाचला," त्या हळू म्हणाल्या. "माझी मैत्रीण. माझ्या ताटात जेवलेली. चोर निघाली."

एवढ्यात प्रबुद्ध टूलबॉक्स घेऊन कामावरून आला. विमलाबाईंचा हा एकुलता एक मुलगा हाउन्सलोतच जन्मलेला, इलेक्ट्रिशियन, स्वतःच स्वतःचा मालक. त्याने उभ्यानेच सगळं ऐकलं आणि स्वरालीच्या पायाचं चुंबन घेतलं.

"लीव्ह इट ना, आई. आता परत इन झालीस ना? मग?"

"मग काय? तीन वर्षं गेली ती? सोमवारी तक्रार जाणार तिच्यावर. शीला लिहील."

"लिहीन," धम्मशीला म्हणाली. "पण सोमवारपर्यंत थांबा, आई. तक्रारीत नाव बरोबर असायला हवं."

२

शुक्रवारी सकाळी विमलाबाई कामावर गेल्या नाहीत. दोघींनी पेन्शन कंपनीला फोन लावला आणि तो टेबलावर, बेबी वाइप्सच्या पाकिटाला टेकवून ठेवला. पलीकडून ग्लासगोकडची एक बाई बोलत होती. तिने विमलाबाईंना नाव, पत्ता, नॅशनल इन्शुरन्स नंबर, सगळं विचारून घेतलं.

"जन्मतारीख?"

"फर्स्ट जून," विमलाबाई म्हणाल्या, न थांबता.

मग धम्मशीलाने नेमके प्रश्न विचारले. बाहेर पडणं कुठून झालं? वेबसाइटवरून. कंपनीच्या लॉगिनमधून की कामगाराच्या? कामगाराच्या, तिला पोस्टाने आलेला नंबर टाकून. एका दमात झालं?

त्या बाईने जरा वेळ घेतला. "नाही. पहिल्यांदा अडकलं होतं. जन्मतारीख जुळली नाही. थोड्या वेळाने कुणीतरी पुन्हा टाकली, ती बरोबर होती."

"पहिल्यांदा कोणती टाकली होती? या बाई स्वतः शेजारी बसल्यात, त्यांचीच माहिती आहे ती."

"फोर्टीन्थ ऑक्टोबर."

विमलाबाईंच्या हातातला दुपट्ट्याचा कोपरा सुटला.

आता याचा अर्थ बाहेरच्याला कळणार नाही. विमलाबाईंचा जन्म खरोखरच चौदा ऑक्टोबरचा, धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवसाचा. त्यांची आई आयुष्यभर ते मिरवायची. पण शाळेत नाव घालायला गेले तेव्हा गुरुजींनी एक जून लिहून टाकलं. शाळा जूनमध्ये उघडायची. एक जून लिहिलं की वय बरोबर बसायचं, कुणाला विचारायला नको. त्या गुरुजींनी अख्खा वर्ग एका दिवशी जन्माला घातला. पुढे पासपोर्ट, व्हिसा, इथला डॉक्टर, सगळीकडे तीच तारीख चिकटली. केक मात्र चौदा ऑक्टोबरलाच कापायचा.

फोन बंद झाला. विमलाबाईंनी तो उलटा करून ठेवला.

"शीला, दरवर्षी चौदा ऑक्टोबरला किचनमध्ये माझ्यासाठी केक कोण आणतं, माहीत आहे तुला?"

धम्मशीलाला माहीत होतं.

यमुनाबाई.

३

हाउन्सलो वेस्ट स्टेशनच्या मागे, टायरवाल्याच्या शेजारच्या गाळ्यात यमुनाबाईंचं किचन होतं. दारातूनच तळणाचा वास आला आणि प्रॅममधल्या स्वरालीने नाक वर केलं. धम्मशीलाने येतानाच एक छोटंसं खोटं ठरवून ठेवलं होतं. विमलाबाईंचं साठीनंतरचं फुकट प्रवासाचं ऑयस्टर कार्ड हरवलंय, नवं मागवायचंय. खोटं बोलायला तिला आवडत नसे, पण तक्रारीत चुकीचं नाव लिहायला त्याहून आवडत नव्हतं.

पहिला भेटला नंदू. चकलीचा सोऱ्या दाबता दाबता त्याने मान वर केली.

"वहिनी, मावशींना सांगा, त्या नसल्या की चकली तुटते."

"सांगते. त्यांचं ऑयस्टर हरवलंय. जन्मतारीख काय टाकू रे?"

"एक जून. विचारायचं काय त्यात? माझे बाबा एक जून, दोन्ही काका एक जून. आमच्या घरी त्या दिवशी केक कापायचा म्हटला तर बेकरी उचलून आणावी लागेल."

"आणि पेन्शन? तू म्हणे सगळ्यांना सांगतोस, त्यात काही अर्थ नाही."

"मला अर्थ नाही. मी दोन वर्षांत परत जाणार, म्हणून बाहेर पडलो, सगळ्यांदेखत पडलो. मावशींना उलट मीच म्हटलं, तुम्ही राहा. तुम्हाला इथेच म्हातारं व्हायचंय." मग जीभ चावून, "म्हणजे, व्हायचंय पुढे कधीतरी."

आतल्या पत्र्याच्या केबिनमध्ये कुश होता, यमुनाबाईंचा भाचा. इथेच वाढलेला, पगाराचं काम बघणारा.

"विमलामावशीची डेट? फर्स्ट जून." तो लॅपटॉपकडे न बघताच म्हणाला. "मावशीचा फर्स्ट जून, आमचा आत्या फर्स्ट जून, भाजीवाला अंकल पण. आधी मला वाटला सॉफ्टवेअरमध्ये बग आहे. मी हेल्पलाइनला फोन केला होता, सीरियसली."

"मग काय म्हणाले ते?"

"दे लाफ्ड."

"आणि मावशींना पेन्शनमधून काढायचं झालं, तर तुला इथून बटण दाबता येईल?"

"नो. तो मेसेज पेन्शनवाल्यांकडून मला येतो. मी फक्त कापणं बंद करतो." त्याचा चेहरा उतरला. "मी तेव्हा विचारायला हवा होता ना तिला? सॉरी. भगवान अंकल, तिचे हजबंड, नुकतेच गेले होते. मला वाटला, पैसे हवे असतील."

यमुनाबाई मागच्या दाराशी, कोथिंबिरीच्या पेट्या मोजून घेत होत्या. त्यांनी स्वरालीला उचललं, कडेवर घेतलं, आणि मगच धम्मशीलाकडे पाहिलं.

"विमल फोन उचलत नाही माझा. आणि तू नंदूला जन्मतारीख विचारतेस. मी या धंद्यात वीस वर्षं काढलीत पोरी, तळणाच्या आवाजातही मला सगळं ऐकू येतं."

"तुम्ही काय टाकाल, काकू?"

"एक जून. दुसरं सुचतं तरी का आपल्याला? मागे दाढ काढली तेव्हा त्या डेंटिस्टने विचारलं. अर्धं तोंड बधिर होतं, तरी बाहेर आलं ते एक जूनच. खऱ्या तारखेला केक खायचा, कागदाला एक जून द्यायची. भगवानभाऊ गेले तेव्हा मी विमलबरोबर फोनवर बसले होते. होल्डवरचं ते गाणं पाठ झालं आम्हाला. रडत होती, स्वतःचं नाव धड सांगता येत नव्हतं, पण तारीख विचारली की एक जून."

"कशासाठी होता तो फोन?"

"होता एका कामाचा. सांगेल ती तुला, तिचं आहे ते." यमुनाबाईंनी स्वरालीचं नाक पुसलं. "आता सरळ विचार. माझ्यावर संशय आहे ना?"

"होता," धम्मशीला म्हणाली. "आता नाही."

४

बसस्टॉपवर तिने प्रॅमला ब्रेक लावला आणि उभी राहिली.

गोष्ट फार सोपी होती, म्हणून तर दिसली नव्हती. चौदा ऑक्टोबर कुणाला माहीत आहे, हा प्रश्नच नव्हता. ती अख्ख्या किचनला माहीत होती. पण नंदू असो, यमुनाकाकू असोत, फॉर्मच्या चौकोनात त्यांच्या बोटांनी चौदा ऑक्टोबर टाकलीच नसती. कुशच्या समोर तर रोज एक जूनच असायची. पहिल्या फटक्यात चौदा टाकणारा माणूस वेगळा होता. माणसाला दोन जन्मतारखा असू शकतात हेच त्याला ठाऊक नव्हतं. ज्या दिवशी आई केक कापते तोच तिचा वाढदिवस, अशी ज्याची सरळ समजूत, तो. शिवाय पोस्टाने आलेला नंबर त्याच्या हातात होता, आणि खरी तारीख नाकारली गेल्यावर थोड्याच वेळात त्याने दुसरी शोधून काढली, म्हणजे विमलाबाईंचा पासपोर्टही त्याच घरात होता.

दोन बस निघून गेल्या.

एक पडताळा अजून राहिला होता. तोच प्रश्न घरी विचारायचा. घरच्या माणसाने "चौदा ऑक्टोबर" म्हटलं, तर तो सुटला. त्याला दुसरी तारीख कधी कळलीच नाही. आणि "एक जून" म्हटलं, तर...

आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाटलं, उत्तर चुकीचं यावं.

शनिवारी सकाळी प्रबुद्ध बाळाच्या खोलीतलं सॉकेट बदलत होता. स्वराली आता रांगायला लागेल म्हणून झडप असलेलं नवं सॉकेट त्याने स्वतः निवडून आणलं होतं. धम्मशीला दाराला टेकून उभी राहिली. गुडघ्यावर बसलेल्या त्या माणसाची पाठ तिला इतकी आवडायची, की क्षणभर तिने प्रश्न गिळलाच.

मग विचारला.

"प्रबुद्ध, आईंचं ऑयस्टर हरवलंय. फॉर्मवर जन्मतारीख काय टाकू?"

"फर्स्ट जून," तो म्हणाला, स्क्रू फिरवता फिरवता.

खोलीत फक्त स्वरालीच्या खुळखुळ्याचा आवाज होता.

"हे तुला कधी कळलं?"

"काय?"

"की आईंची कागदावरची तारीख वेगळी आहे. बाबा होते तोवर आईंचे सगळे कागद बाबा बघायचे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून मी बघते. तुझ्याकडे होते ते मधलं एकच वर्ष. त्या वर्षात कुणी विचारलं तुला, आणि चौदा ऑक्टोबर म्हटल्यावर चूक म्हणालं?"

स्क्रूड्रायव्हर थांबला. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

"वेबसाइट म्हणाली," तो म्हणाला. "माझ्या आईचा बर्थडे राँग आहे म्हणाली. मी दोनदा वाचला. मग बाबांच्या बॅगेतून पासपोर्ट काढला."

धम्मशीला खाली त्याच्या शेजारी बसली.

"का रे?"

"बाबा दरवर्षी स्टॅम्प भरायचे, तो नॅशनल इन्शुरन्सचा हप्ता. मिनीकॅब चालवायचे, बॉस कोणी नाही, पण स्टॅम्प तर भरायलाच लागायचा. कितीही वाईट वर्ष असलं तरी. म्हणायचे, म्हातारपणाची सोय आहे. अँड देन चौसष्टला गेले. पेन्शनचा एक पेनी नाही बघितला त्यांनी. सगळं वाया. आणि थोड्याच दिवसांत आईला ते लेटर आलं, तिच्या पगारातून कापणार म्हणून. मला इतका राग आला, शीला. म्हटलं, तिला तरी आज हातात मिळू दे. सांगणार होतो तिला. मग नाही सांगितलं. मग वेळ निघून गेली."

"आणि परवा आई यमुनाकाकूंना चोर म्हणाल्या, तेव्हा?"

त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"ते तीन वर्षांपूर्वीचं मी समजू शकते," धम्मशीला म्हणाली. आवाज चढवला नाही, सौम्यही केला नाही. "परवाचं नाही."

तेवढ्यात खुळखुळा थांबला. स्वराली दाराकडे बघून हात पुढे करत होती. दारात विमलाबाई उभ्या होत्या, आणि त्या आत्ताच आलेल्या नव्हत्या.

५

प्रबुद्धला वाटलं आई ओरडेल. विमलाबाई पलंगाच्या कडेवर बसल्या आणि त्यांनी नातीला मांडीवर घेतलं.

"तुझे बाबा गेल्यावर या घराचं भाडं कोण भरत होतं?"

"तू. पगारातून."

"पगार नंतर आला, आणि तेवढ्यात भागत नव्हतं. दीड वर्ष सरकार पैसे देत होतं मला. आधी एक मोठी रक्कम, मग महिन्याच्या महिन्याला. का देत होतं, सांग बरं."

"माहीत नाही."

"नवऱ्याने स्टॅम्प भरलेले असले, की मागे राहिलेल्या बाईला मिळतात. ह्यांनी भरले होते म्हणून मिळाले. नसते भरले तर फोनवरच नाही म्हणाले असते. मला तर असं काही असतं हेच माहीत नव्हतं. यमुनाला माहीत होतं. ती बसली माझ्याबरोबर फोनवर, माझ्यासाठी इंग्रजी बोलली."

धम्मशीलाला होल्डवरचं ते गाणं आठवलं.

"मला का नाही सांगितलंस?" प्रबुद्धचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"तू जेवत नव्हतास रे. वरणभात पुढे ठेवला तर भिंतीकडे बघायचास. तुला काय पैशांचं सांगू?" विमलाबाईंनी हात पुढे करून त्याच्या केसांतला प्लास्टरचा कण काढला. "तुझ्या बाबांचं काहीसुद्धा वाया गेलं नाही. आपण जेवलो त्यावर. वाया गेलं ते माझं, आणि ते तू घालवलंस. मला न विचारता. मी काय म्हणाले असते, एवढं तरी विचारायचंस."

"सॉरी, आई."

"मला नंतर म्हण. आधी बूट घाल."

किचनमध्ये शनिवारची गडबड होती. विमलाबाई आत शिरल्या तेव्हा नंदूने सोऱ्या खाली ठेवला. यमुनाबाईंनी ओढणीला हात पुसले, पण पुढे आल्या नाहीत.

"शीलाच्या प्रश्नांवरूनच ओळखलं मी, मला चोर म्हणालीस."

"म्हणाले."

"आता काय म्हणतेस?"

"चोर घरातला निघाला. घेऊन आलेय."

प्रबुद्धने सगळं सांगितलं. मोडक्या मराठीत, मध्येच इंग्रजीत, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि कुठेही स्वतःला वाचवलं नाही. विमलाबाईंचा गेलेला वाटा आणि यमुनाबाईंचाही, दोन्ही मी महिन्याच्या महिन्याला आईच्या पेन्शनमध्ये भरीन, असं तो म्हणाला.

"माझा वाटा तू का भरशील?" यमुनाबाई म्हणाल्या. "तो मी तेव्हाही भरणारच होते. तो मीच भरणार. तू तुझ्या आईचा भर." मग विमलाबाईंकडे बघून, "आणि तू गं. एक फोन उचलायला काय झालं होतं? दोन दिवस पोरांच्या हातच्या तुटक्या चकल्या विकल्यात मी."

"तुझ्या चकलीला मोहनच जास्त असतं, यमुना. मी आल्यापासून सांगतेय."

मग दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. कुशने लॅपटॉपमध्ये डोकं घातलं, आणि नंदूला अचानक पिठात खूप काम निघालं.

परत निघताना यमुनाबाईंनी दाराशी प्रबुद्धला अडवलं.

"आणि तुझं काय रे? आईचं बघतोस, तुझं स्वतःचं पेन्शन आहे का?"

"नाही. मी सेल्फ-एम्प्लॉइड आहे, काकू. स्टॅम्प तर टॅक्सबरोबर जातो. बाकी आम्हाला कोणी फोर्स करत नाही."

"मी करते," धम्मशीला म्हणाली. "या घरातला कायदा मी आहे. आणि यातून बाहेर पडायला वेबसाइट नाही."

चौदा ऑक्टोबरला केक यमुनाबाईंनीच आणला. मेणबत्त्या विझल्या, स्वरालीने मूठभर क्रीम स्वतःच्या कानाला लावलं, आणि त्या गडबडीतच धम्मशीलाने नवऱ्याच्या हातात फोन दिला. स्क्रीनवर त्याच्या पेन्शनचा फॉर्म उघडा होता. नाव तिने घातलं होतं. पुढचं त्याने घालायचं होतं.

प्रबुद्ध जन्मतारखेपाशी थांबला आणि आईकडे वळला.

"आई, माझी एकच आहे ना?"

"एकच," विमलाबाई म्हणाल्या. "तुझ्या बाबांनी स्वतः जाऊन नोंदवली होती. टाक."